राई

आधी इथं प्लेगची छावणी होती,
मग पलटणीच्या खेचरांचा तबेला.
भिंतीतल्या कड्या तशाच ठेवून
वेड्यांचं इस्पितळ झालं.
त्या कड्यांना पुढं काय बांधलं, ते विचारू नका.
पाटी तीनदा बदलली, कड्या एकदाच निघाल्या.
साताऱ्यात मात्र अजून, पोरगं हट्टाला पेटलं की
आई म्हणते, यवतेश्वरच्या पायथ्याला सोडून येईन हं.

मी तिथला कारकून, एकतीस वर्षं.
ताब्यात सोळा रजिस्टरं, एक लोखंडी कपाट,
गोल शिक्का नि वाळवी.

'रोगाचे कारण' या रकान्यात
माझ्या आधीच्यांनी काय काय लिहून ठेवलंय :
उन्हात फिरणे. अतिवाचन.
नवऱ्यास नावाने हाक मारणे.
एकाचं नुसतंच, भाऊबंदकी.

पान एकशे चौदा, साल अठ्ठावन्न.
अनोळखी स्त्री, वय अंदाजे पंचवीस,
धरणाच्या कामावरून पोलिसांनी आणली, पाटणमार्गे.
चोळी घालण्यास नकार.
असंबद्ध बडबड. 'राई, राई' असे ओरडते.
मोहरीविषयी भ्रम.
खाली सही, झोकदार.

मेट्रन एस्तेर साळवी मनाच्या चांगल्या.
त्यांनी मुदपाकातून मूठभर राई आणली,
तिच्या ओंजळीत ओतली : घे बाई, ही घे तुझी राई.
तिनं ती भिरकावली
आणि उंबऱ्यावर कपाळ आपटून घेतलं.
नोंद : सुधारणा नाही.
त्या थंडीत विहिरीमागं पिवळी फुलं आली.
मग दर थंडीत आली.
तिचं नाव पडलं राईबाई.

बासष्टला विजेचं यंत्र आलं.
तिच्या वाट्याला एकोणीस वेळा.
ओरडणं थांबलं. पुटपुटणं उरलं.
त्यालाच सुधारणा म्हणायची पद्धत होती.

पंच्याऐंशीच्या पावसात मागची भिंत बसली.
टेंडर निघून मंजूर होईतो मार्गशीर्ष उजाडला.
आले दुर्गाप्पा धोत्रे,
बायको, दोन पोरं, एक गाढव.
तिसऱ्या दिवशी भरदुपारी सुतकीचा आवाज थांबला
म्हणून मी खिडकीतून पाहिलं.
राईबाई त्याच्यापुढं उकिडवी बसलेली,
तोच तिचा जप,
राई किंदा बिड्डा, राई किंदा बिड्डा,
आणि दुर्गाप्पा हातातली सुतकी
कुणी निजलेलं उठू नये तशी
हळू खाली ठेवत होता.

सायेब, ही आमच्यातली हाय.
राई म्हंजी धोंडा.
धोंड्याखाली लेकरू हाय, म्हणती.

सत्तावीस वर्षं आम्ही तिला फोडणी समजत होतो.

त्यानं तिला विचारलं, पेरु?
मला वाटलं, पेरू देतोय.
ती किती तरी वेळ त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.
मग म्हणाली, तिम्मव्वा.

नावाचा रकाना अरुंद. मी वरच्या ओळीत घातलं.
'भ्रम' खोडायला वरिष्ठांची सही लागते,
वरिष्ठांची नुकतीच बदली झाली होती.
तो शब्द अजून तिथंच आहे.

दुसऱ्या दिवसापासून ती भिंतीच्या कामावर.
कुणी लावली नाही, कुणी हटकली नाही.
दुर्गाप्पाच्या बायकोला एकेक दगड उचलून द्यायची.
पण देण्याआधी
प्रत्येक दगड आधी उलटायची,
त्याच्याखालची माती हातानं चाचपायची,
मगच द्यायची.

नऊ दिवसांची भिंत, एकवीस लागले.
दुर्गाप्पा तिला एकदाही 'आवर' म्हणाला नाही.
बिल माझ्या टेबलावर आलं, दंडाच्या कलमासकट.
बाहेर आभाळ कोरडं ठणठणीत,
विहिरीमागं राई पिवळीधमक.
'विलंबाचे कारण' या रकान्यात
मी लिहिलं : पाऊस.